एका डॉलरची तबकडी

मंडळी, जुन्या सामानाच्या विक्रीत मी सहसा हत्यारांच्या टेबलापाशीच रेंगाळतो. (गराजमध्ये तीन ड्रिल आहेत. चौथा आणायला घरून बंदी आहे!) पण गेल्या उन्हाळ्यात एका खोक्यात 'शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स' ही 1974 सालची एलपी दिसली आणि एक डॉलर देऊन मी ती उचलली.

या तबकडीशी माझं जुनं भांडण. म्हणजे खरं तर बाबांचं. रविशंकर त्यांचं दैवत. पण "बीटल्सच्या नादी लागला आणि बिघडला" हे वाक्य आमच्याकडे रविवारच्या चहाबरोबर ठरलेलं. इथे एम.एस. करताना रूममेट हीच तबकडी ऐकवू पाहत होता, तर मी त्याला तेच वाक्य ऐकवलं. एक सूरही न ऐकता!

मंडळातल्या एका काकांनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर काढून दिला, आणि पहिल्याच गाण्यात मी गार झालो. 'आय अ‍ॅम मिसिंग यू'. चाल रविशंकरांची, इंग्रजी शब्दही त्यांचेच, आवाज त्यांच्या वहिनी लक्ष्मी शंकर यांचा. मागे ड्रम, सॅक्सोफोन, सगळा रॉकचा थाट, आणि बाई कृष्णाला हाक मारतायत. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटणार? हेच गाणं पुढे पुन्हा येतं, अगदी साधेपणाने. मला ते जास्त आवडलं.

ध्वनिमुद्रण 1973 सालचं, लॉस एंजेलिसचं. निर्माता जॉर्ज हॅरिसन. एकीकडे अल्लारखा, शिवकुमार शर्मा, आशिष खान. दुसरीकडे रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, जिम केल्टनर, टॉम स्कॉट. दुसरी बाजू म्हणजे एक अख्खा बॅले: स्वप्न, दुःस्वप्न आणि पहाट. त्यातलं दुःस्वप्न मला अजून झेपत नाही, खोटं कशाला बोलू? हॅरिसनच्या नव्या 'डार्क हॉर्स' कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांपैकी ही एक. पण त्याच वर्षअखेरीच्या दौऱ्यात रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला, दौऱ्यावर टीकाही सडकून झाली, आणि तबकडी बाजूलाच पडली. 2010 साली 'कोलॅबोरेशन्स' या संचातून ती सीडीवर आली, तेव्हाही मी ढुंकून पाहिलं नाही.

बाबा 2019 साली गेले. त्याआधी दर रविवारी फोन व्हायचा. हवापाणी, बीपी, ऑफिस. त्यातल्या एखाद्या रविवारी हे गाणं नुसतं फोनला लावून धरायला काय हरकत होती?

परवा लेकीने विचारलं, "आजोबांना आवडलं असतं का रे हे?"

म्हटलं, आधी "बिघडला" म्हणाले असते. मग पाच मिनिटांनी हळूच विचारलं असतं, "तबल्याला कोण आहे रे?"