मूळ रंग खरवडण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा सारे कोल्हापूर टाचा उंचावून पाहते. लहानपणी मी अण्णांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आहे. लोक गाडीत कोण बसले आहे ते पाहत. अण्णा मात्र बॉनेटवर ऊन कसे पडले आहे ते पाहत. माझे वडील मोटारी रंगवतात. त्यामुळे मित्रहो, या विषयावर लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजते. तो परीक्षेत मिळालेला नाही, एवढेच.

जुन्या मोटारींची हौस आता पुष्कळ वाढली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम करून ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. गाडी मूळ स्वरूपात असावी; चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. त्या अटीत रंगाचे नाव नाही. नेमकी रंगाचीच सर्वांत आधी आणि सर्वांत मोठी नासधूस होते. ‘गाडी नवी केली’ याचा अर्थ आपल्याकडे पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा रंगवली असाच होतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. मूळ रंग जिथे टिकून आहे तिथे तो फिका, चिरलेला, ओरखडलेला असला तरी राहू द्यावा. आणि गेला असेल तेवढ्याच जागी नवा जुळवावा.

गेल्या वर्षी अण्णांच्या गॅरेजवर एक फियाट ११०० आली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बांधलेली, १९६० नंतरच्या दशकातली. अंगावर लाल रंग होता. गृहस्थ म्हणाले, ‘‘मूळची लालच आहे, वडिलांनी घेतली तेव्हापासून.’’ अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी डिकीच्या झाकणाचे रबर थोडे उचलले, बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवला आणि रुपयाएवढ्या जागेत गोल गोल घासायला सुरुवात केली. अगदी हलक्या हाताने. जोर लावला की पत्राच लागतो. थोड्या वेळाने तिथे झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसू लागली. बाहेरून आत लाल, मग राखी सरफेसर, मग पांढरा, पुन्हा सरफेसर, मग एक फिकट निळसर हिरवा, त्याखाली प्रायमर आणि मधोमध पत्रा. प्रायमरवर बसलेला पहिला रंग निळसर हिरवा! गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत होते.

वरचे थर गॅरेजचे की कारखान्याचे, हे ओळखायचीही एक साधी रीत आहे. थिनरची चिंधी कोपऱ्यात घासायची. हवेत वाळणारा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग असेल तर तो चिंधीवर उतरतो. भट्टीत भाजलेला एनॅमल सहजी दाद देत नाही. लाल आणि पांढरा दोन्ही चिंधीवर आले. निळसर हिरवा आला नाही.

आता हा रंग जुळवायचा कसा? इथे खरी गंमत आहे, आणि खरा वादही. उन्हात राहिलेला रंग विटतो, त्यावर पांढुरकी भुकटी धरते. म्हणून नमुना झाकलेल्या जागेचा घ्यावा लागतो: डॅशबोर्डखालचा, नंबरप्लेटमागचा, दाराच्या आतल्या अस्तराखालचा. परंतु एनॅमल अंधारात राहिला की हळूहळू पिवळसर होतो. म्हणजे झाकलेला रंगसुद्धा पहिल्या दिवशीचा नव्हेच. मग मूळ रंग म्हणायचा कोणाला? पूर्ण गाडी रंगवायची असेल तर या पिवळेपणाची वजाबाकी करून कारखान्याच्या रंगापर्यंत जावे लागते. दाराच्या एका कोपऱ्यापुरताच रंग लावायचा असेल, तर शेजारचा पत्रा आज जसा म्हातारा झाला आहे त्याच वयाचा रंग बनवावा लागतो. हे दुसरे काम पहिल्याहून कितीतरी कठीण.

आजकाल रंग मोजणारे यंत्र मिळते. ते पत्र्यावर टेकवले की प्रमाण सांगते. अण्णांचा यंत्रावर राग नाही; ते म्हणतात, निम्मी वाट त्याने होते. पुढे थेंबाथेंबाचे काम. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो, म्हणून प्रत्येक वेळी पत्र्याच्या पट्टीवर हात मारून ती वाळवायची, मग गाडीला लावून पाहायची. ट्यूबलाइटखाली पाहायची, उन्हात पाहायची, सावलीत पाहायची. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेले दोन रंग उन्हात नेले की परके होतात, कारण जुन्या रंगातली द्रव्ये निराळी, नव्यातली निराळी, आणि प्रत्येक उजेडाला ती सारखाच जबाब देत नाहीत. त्या फियाटच्या एका रंगासाठी अण्णांनी अकरा पट्ट्या केल्या. मी मोजल्या आहेत.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशासाठी? रंग म्हणजे वरची पुटी. मला हे पटत नाही. मोटारीच्या रंगाला इतिहास आहे. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली तेव्हा काळी नव्हती. फक्त काळ्याच रंगात ती आली १९१४ ते १९२५ या काळात. त्या वेळी ब्रशने, वार्निशचे थर देऊन गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीने लवकर वाळणारा ‘डुको’ काढला, आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्या निळ्या रंगात रस्त्यावर आल्या. आपल्या गल्लीतला सुतार कपाटाला ‘डुको मारू का?’ असे विचारतो, तो शब्द तिथून इथवर आला आहे. रंगाचा थर खरवडला म्हणजे कोणत्या साली माणसे कशा रीतीने काम करत होती याची साक्ष खरवडली. ही साक्ष पुन्हा लिहून काढता येत नाही.

आमच्या इतिहास विभागाची सहल अजिंठ्याला गेली होती. तिथली चित्रे सुरक्षित राहावीत म्हणून निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांवर लाखेचे वार्निश दिले. हेतू चांगलाच होता. पण ते वार्निश पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. मोटार आणि अजिंठा यांची तुलना केल्याबद्दल प्राध्यापक हसतील, हसोत. पण चमक देण्याचा मोह दोन्हीकडे एकच आहे. जुन्या मोटारींच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली ट्युरिनची सनद संमत केली. जतनाला प्राधान्य द्यावे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असे तीही सांगते.

अर्थात, पत्रा गंजून रंगाखाली फोड आले असतील तर तिथे खरवडण्यावाचून गत्यंतर नाही. गंजाला इतिहास म्हणत बसण्याइतकी मी पुस्तकी नाही. अण्णांचा आक्षेप मात्र वेगळा आणि मला अडवणारा आहे. मी गॅरेजवर हे सगळे बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘‘पोरी, पैसे तो देणार, मग रंग बी त्याचाच.’’ शिवाय पूर्ण गाडी खरवडून रंगवली तर मजुरी भरपूर मिळते. कोपरा जुळवायला दिवस तेवढेच जातात आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘एवढ्याशा जागेचे इतके पैसे?’ जोपर्यंत आपण नजरेची मजुरी द्यायला शिकत नाही, तोपर्यंत कारागिरांनी मूळ रंग जपावा असा उपदेश आपण कोणत्या तोंडाने करायचा? हौशी मालकांनी आधी याचे उत्तर द्यावे.

फियाटचे काय झाले? गृहस्थांना निळसर हिरवा पसंत पडला, पण त्यांना तो आरशासारखा हवा होता. पत्र्यापर्यंत खरवडून गाडीवर हार्डनर घातलेला टू-पॅक रंग मारला गेला. त्या हार्डनरमधली आयसोसायनेट छातीत जातात, दमा जडवू शकतात; त्याला बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आमच्या अण्णांनी नाकाला रुमाल बांधला होता. त्यांचा खोकला महिनाभर गेला नाही. गाडी मात्र झळाळत होती, हे कबूल केले पाहिजे.

एवढे एक झाले, की डिकीची आतली बाजू आणि डॅशबोर्डखालचा भाग तसाच ठेवावा, ही माझी विनंती गृहस्थांनी मानली. तिथे तो पहिला रंग अजून आहे. अकरा पट्ट्या मी घरी आणल्या. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. प्रमाण त्यांच्या डोक्यात असते, कागदावर कधी आलेच नाही. आता रात्री जेवणे झाली की ते सांगतात आणि मी वहीत उतरवते: कोणत्या डब्यातला किती, काळ्याचे थेंब किती, पिवळ्याचे किती. नवव्या पट्टीपर्यंत आलो आहोत. दहाव्यात काय घातले होते ते त्यांना आठवत नाही.