कातळावरचा वारसा कोणाचा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर जांभ्या कातळात हत्ती, मासे, वाघ आणि माणसे कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. बारसूला दोन वाघांच्या मध्ये माणूस उभा आहे. 2022 साली कोकणातील ही कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शेजारच्या गोव्याचे फणसईमाळही त्यात आहे. तरीही सड्यावर चिरेखाणीचे यंत्र फिरतेच आणि 2023 साली बारसूच्या माळावर रिफायनरीसाठी माती परीक्षण झाले, तेव्हा विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसी बळ वापरले गेले.

आमचे काही बांधव विचारतात, याच्याशी आपला काय संबंध? आमचा सवाल उलटा आहे. नाशिकची बौद्ध लेणी 'पांडवलेणी' कशी झाली? लेण्याद्रीच्या विहारात गणपती कसा बसला? वारशाची नोंद वेळेवर झाली नाही की नाव दुसराच ठेवतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक! म्हणूनच आपणही तीच चूक करू नये. ही शिल्पे बौद्ध नाहीत. तथागतांच्या हजारो वर्षे आधीची आहेत. अभ्यासक त्यांचा काळ 12 हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. कोरणारे शिकारी लोक होते. त्यांना ना देऊळ होते, ना पोथी. त्यांच्यावर कोणत्याही धर्माचा शिक्का मारू देता कामा नये, आपलाही नाही.

आता कायद्याचे. घटनेचे कलम 49 राज्यसंस्थेवर संरक्षणाची जबाबदारी टाकते, पण ती राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्थळांपुरती. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीने एकही खाण थांबत नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्याचे कलम 19 संरक्षित क्षेत्रात जमीनमालकालाही खाणकाम करू देत नाही. त्यासाठी आधी अधिसूचना निघावी लागते. कलम 27 मध्ये मालकाच्या नुकसानभरपाईची तरतूद आहे. ही गोष्ट अधिकारी क्वचितच सांगतात, मग गरीब खातेदार शिल्प दिसले की घाबरून मातीखाली दडपतो. चिरेखाणीवर राबणाऱ्या मजुराचे काय, याचे उत्तर मात्र या कायद्यात नाही. ते सरकारकडून मागावेच लागेल.

उक्षीच्या गावकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन हत्तीचे शिल्प राखले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. तेथील आपल्या शाखांनी प्रत्येक ग्रामसभेत गट नंबरासह ठराव मांडावा, भरपाईची मागणी त्यातच लिहावी. प्रती जिल्हाधिकारी आणि राज्य पुरातत्त्व विभागाकडे द्याव्यात, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.