प्रकाशाचे वेळापत्रक आणि घराची रजा

ज्या गावाच्या पश्चिम वेशीवर १९७४ पासून डॅलस-फोर्टवर्थचा विशाल विमानतळ पसरलेला आहे आणि दूरदूरच्या देशांकडे जाणारी विमाने ज्याच्या आकाशातून अहोरात्र येजा करतात, त्या टेक्ससमधील अर्विंग गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला परदेशप्रवासात खरी अडचण येते ती अंतराची नव्हे, रजेची. वर्षाकाठी कचेरीतून दोनतीन आठवड्यांची रजा मंजूर होते. तिच्यातील मोठा भाग पुण्या-नाशकाकडील वृद्ध आईवडील, भावंडांची लग्नकार्ये आणि अवचित उद्भवणारी आजारपणे यांच्या खाती आधीच लागलेला असतो. आणि मुलांच्या शाळा मार्चमधला एक आठवडा, नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग, नाताळची सुटी आणि उन्हाळा यांखेरीज एक दिवसही सुखासुखी सोडीत नाहीत. अशा ओढगस्तीतून काही वर्षांनी एकदा निव्वळ प्रवासासाठी म्हणून एखादा आठवडा मोकळा होतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यातील सूर्योदय व सूर्यास्त मला माझ्या कॅमेऱ्यासाठी हवेत अशी मागणी घरातील एक माणूस करतो, तेव्हा उरलेल्यांना ती स्वार्थाची वाटावी यात नवल नाही.

तरीही माझे मत असे आहे की ही मागणी मान्य करावी. इतकेच नव्हे, तर प्रवासाचा सगळा आराखडाच तिच्याभोवती आखावा. अट एकच, की ती मागणी विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी, घरातील सर्वांसमक्ष, ठिकाणे आणि तास यांसह मांडलेली असावी. कुटुंबाच्या प्रवासात छायाचित्रणामुळे जी कटुता येते ती दिलेल्या वेळामुळे येत नाही, चोरलेल्या वेळामुळे येते. ‘पाच मिनिटांत आलोच’ असे सांगून दरीच्या काठाकडे गेलेला गृहस्थ पाऊण तासाने परततो, तोवर भुकेलेली मुले, वाऱ्याने काकडलेली आजी आणि त्या दोघांना सांभाळता सांभाळता स्वतः दरी पाहायची राहून गेलेली पत्नी यांच्या मनात त्या स्थळाची जी आठवण कोरली जाते, ती नंतर भिंतीवर लावलेल्या उत्तमातल्या उत्तम चित्राने पुसली जात नाही. तोच पाऊण तास आधी मागून घेतलेला असता, तर आजी निवाऱ्याला बसली असती, मुलांच्या हाती खाऊ असता आणि पत्नीने आपली दरी आधीच पाहून घेतली असती.

खिशातल्या फोनने चित्र उत्तम निघत असताना हे अवजड अवडंबर कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. केवळ आठवणीपुरते चित्र हवे असेल तर तो आक्षेप रास्त आहे. परंतु ज्याने वर्षानुवर्षे प्रकाशाचा अभ्यास केला आहे, ज्याला एका टेकडीवर ऊन कोणत्या कोनाने उतरते हे पाहण्यासाठी दोन तास उभे राहावेसे वाटते, त्याच्या दृष्टीने ही विद्या आहे, आणि ज्या घरात गाणाऱ्याच्या रियाजाची वेळ पाळली जाते त्या घरात या विद्येचीही वेळ पाळली जाणे न्यायाचे आहे. सुसान सोंटॅग यांनी १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या छायाचित्रणविषयक निबंधांत असे म्हटले आहे की अतिकष्टाची सवय जडलेल्या समाजातील माणसे सुटीतही रिकामी बसू शकत नाहीत आणि म्हणून कॅमेऱ्याच्या रूपाने कामाचीच एक नक्कल करीत राहतात. संगणकाच्या व्यवसायात गढलेल्या आमच्या अर्विंगकरांना हे निदान पुष्कळ अंशी लागू पडते हे मी नाकारीत नाही. पण ते दिसेल त्याचे चित्र घेत सुटणाऱ्याला लागू पडते. एका चित्रासाठी थांबणाऱ्याला नव्हे. यात्रा कंपन्यांच्या पत्रकात दहा दिवसांत सहा देश बसविलेले असतात. प्रकाशाच्या मागे जाणाऱ्या माणसाच्या आराखड्यात दहा दिवसांत दोन किंवा फार तर तीन मुक्काम असतात, कारण ढग, पाऊस आणि धुके यांसाठी त्याला प्रत्येक ठिकाणी एखादा दिवस राखून ठेवावाच लागतो. रोज पहाटे बोचकी बांधून बसमध्ये चढण्याचा जाच ज्यांनी सोसला आहे त्या वृद्धांना आणि बालकांना या दोहोंपैकी कोणता प्रवास मानवेल, हे सांगायला नको.

राहता राहिला घड्याळाचा झगडा. मध्यम अक्षांशांवर, उन्हाळ्यात, सोनेरी प्रकाश पहाटे साडेपाचला आणि रात्री साडेआठला मिळतो. म्हणजे मुलांच्या गाढ झोपेच्या वेळी आणि त्यांच्या जेवणाच्या वेळी. परंतु हा काही सृष्टीचा अटळ नियम नव्हे. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे देश आणि ऋतू बदलले की प्रकाशाचे तासही बदलतात. आइसलंडची राजधानी रेकयाविक चौसष्टाव्या उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य साडेअकराच्या सुमारास उगवतो, साडेतीनच्या सुमारास मावळतो आणि मधल्या चार तासांत क्षितिजाच्या जवळच राहतो, त्यामुळे छायाचित्रकार ज्या तिरप्या प्रकाशासाठी इतरत्र पहाटे धडपडतो तो त्याला तेथे मुलांनी पोटभर झोपून, न्याहारी करून बाहेर पडल्यावर मिळतो. त्याच शहरात जून महिन्यात जावे तर सूर्यास्त मध्यरात्री होतो आणि सारे घर जागरणाने त्रस्त होते. देश तोच, माणसे तीच, कॅमेराही तोच. केवळ महिन्याची निवड कलहाचे कारण होते किंवा तो मिटविते.

विषुववृत्ताजवळ निराळाच न्याय आहे. लास कोलिनासच्या विल्यम्स चौकात पाण्यातून उधळत जाणाऱ्या नऊ कांस्याश्वांचे जे भव्य शिल्प १९८४ पासून अर्विंगची ओळख होऊन राहिले आहे, ते घडविणारे रॉबर्ट ग्लेन हे केनियाचे, आफ्रिकेतील वन्य प्राण्यांची शिल्पे घडविण्यात आयुष्य घालविलेले कलावंत. त्यांच्या देशातील मसाई मारामध्ये सूर्य बाराही महिने साडेसहाच्या आसपास उगवतो आणि तितक्याच वाजता मावळतो. पहाटे उठावे लागते खरे, परंतु तेथे सगळेच पहाटे उठतात, कारण सिंह आणि चित्ते त्याच गारव्यात हिंडताना दिसतात. छायाचित्रकाराचा तास आणि कुटुंबाच्या कुतूहलाचा तास तेथे एकच असतो. सेरेंगेटीतून येणारे विल्डेबीस्टचे कळप साधारणतः जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान माराच्या बाजूस असतात, आणि जुलै हा आपल्या शाळांच्या सुटीचाच महिना होय. आजीआजोबांना गाडीतून उतरावे लागत नाही हा त्यात आणखी एक लाभ. अगदी लहान मुलांना काही तळांवर प्रवेश नसतो, ते मात्र आधी विचारून घ्यावे.

तथापि अर्विंगच्या कुटुंबाला मी प्रथम सुचवीन ते मेक्सिकोतील मिचोआकान राज्याचे रान. प्रतिवर्षी ऑक्टोबरात नारिंगी-काळ्या मोनार्क फुलपाखरांचे थवे टेक्ससवरून, आपल्या घरांच्या परसांवरून, दक्षिणेकडे जातात. १९९५ पासून हे फुलपाखरू टेक्ससचा राज्यकीटक आहे. ती नेमकी जातात कोठे हे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ उमगलेले नव्हते. कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांनी फुलपाखरांच्या पंखांना चिकट चिठ्ठ्या लावून आपल्या आयुष्यातील कित्येक वर्षे या शोधात वेचली, आणि अखेर जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि कातालिना आग्वादो यांना सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील ओयामेल वृक्षांच्या रानात, फांद्या वाकतील इतक्या दाटीने लगडलेली ती लक्षावधी फुलपाखरे सापडली. २००८ साली युनेस्कोने या राखीव अरण्याची जागतिक वारशात गणना केली. छायाचित्रकाराने लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही, की थंडीत गारठलेले फुलपाखरू उडू शकत नाही. ऊन वर येऊन रान तापल्यावर, म्हणजे उशिराच्या सकाळपासून दुपारपर्यंत, ते पंख उघडते. एरवी ज्या दुपारच्या प्रकाशाला आपण निरुपयोगी ठरवितो, तोच येथे फांद्यांतून गाळून येऊन हजारो पंखांना आरपार उजळतो. सकाळची गडबड नाही, रात्रीचे जागरण नाही. मुलांना चढणीवर घोडा मिळतो. ज्यांना हृदयाचा अथवा श्वासाचा विकार आहे त्या वडीलधाऱ्यांनी मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून त्या उंचीवर जाऊ नये. रानात मौन पाळावयाचे असते आणि फ्लॅशचा वापर वर्ज्य आहे. नाताळच्या सुटीत हा प्रवास सहज बसतो. मार्चच्या मध्यापर्यंत थांबल्यास फुलपाखरांनी उत्तरेची वाट धरण्यास आरंभ केलेला असतो. अमेरिकेचा वैध व्हिसा अथवा कायम रहिवासाचा परवाना जवळ असलेल्या भारतीय पारपत्रधारकाला मेक्सिकोचा निराळा व्हिसा लागत नाही, ही सोयही लहान नव्हे.

रात्रीच्या आकाशाचा ज्याला ध्यास आहे त्याने तर आपल्या स्वयंपाकघरातील भिंतीवर टांगलेल्या पंचांगाकडेच पाहावे. अमावास्येला प्रस्थान ठेवू नये असे वडील मंडळी सांगत आली, परंतु आकाशगंगेचे चित्र घेणाऱ्याला हवी असते ती अमावास्याच. चंद्रोदयाचे चित्र हवे असेल तर पौर्णिमेहून त्रयोदशी-चतुर्दशी बरी, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो आणि तो वर येईतो जमीन अंधारलेली असते, तर चतुर्दशीचा चंद्र भूमीवर अजून ऊन असतानाच क्षितिजावर आलेला असतो.

या विद्येतील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक अशाच चंद्राचे आहे, आणि ते काढले गेले मुलाला बरोबर घेऊन केलेल्या प्रवासात, याचे स्मरण मला मुद्दाम करून द्यावयाचे आहे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी ॲन्सेल ॲडम्स हे आपला आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासह न्यू मेक्सिकोतील रस्त्याने सँटा फेकडे परतत होते. हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवला होता, आणि मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप स्मशानातील पांढऱ्या क्रुसांवर पडली होती. गाडी थांबवून ॲडम्सनी ओरडून एकेक वस्तू मागावी आणि त्या दोघांनी ती काढून द्यावी, अशा घाईत मोठा कॅमेरा उभा राहिला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची दीप्ती किती असते हा मुखोद्गत असलेला आकडा आधाराला घेऊन त्यांनी एक चित्र घेतले, आणि दुसऱ्यासाठी फिल्मच्या चौकटीची बाजू पालटीपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले. ॲडम्सनी त्या दिवसाची तारीख टिपून ठेवली नव्हती. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित करून ती निश्चित केली. घरचे माणूस बरोबर असणे हा कलेतील व्यत्यय आहे असे मानणाऱ्यांनी त्या आठ वर्षांच्या मुलाचे हात विसरू नयेत.

मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रकाशाचा तास हा घरातील दुसऱ्या माणसाच्या श्रमाचा तास असतो. एक जण तिपाई घेऊन बाहेर पडतो तेव्हा मुलांना उठविणे, आंघोळी, न्याहारी आणि आईवडिलांची औषधे हे सारे दुसऱ्याच्या अंगावर पडते, आणि आपल्या घरांत हा दुसरा माणूस बहुधा स्त्री असते. म्हणून जो तहनामा करावयाचा त्यात तासाला तास मिळाला पाहिजे: सकाळचे दोन तास एकाने घेतले, तर दुपारचे दोन तास दुसऱ्याचे, बिनतक्रार, आणि त्या वेळी कॅमेरा पेटीत बंद. तिला संग्रहालय पाहायचे असो, बाजार हिंडायचा असो वा नुसते निजायचे असो, त्याची कैफियत कोणी मागू नये. मुलांना चित्रात उभे राहावयाचे नसेल तर त्यांचा नकार अंतिम मानावा. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी कोणतीही छायाचित्रण-मोहीम नसावी, कारण हुकलेल्या सूर्यास्ताची भरपाई त्या दिवशी करण्याचा मोह अनिवार असतो.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. जादा लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्या लागतात. महागडी लेन्स एका प्रवासापुरती विकत घेण्याऐवजी भाड्याने आणावी. निघण्यापूर्वी अमेरिकेच्या जकात कचेरीत ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मावर कॅमेऱ्याची नोंद करून घेतल्यास परतताना तो परदेशात खरेदी केल्याचा संशय उरत नाही. भारतात जाताना ड्रोन नेऊ नये. फेब्रुवारी २०२२ पासून तेथे विदेशी ड्रोनच्या आयातीस बंदी आहे.

आणि परदेशी जाण्यापूर्वी घरच्या लोकांना या छंदाची ओळख येथेच करून द्यावी. कांस्याश्वांच्या चौकात एखादी संध्याकाळ सर्वांनी मिळून घालवावी. एप्रिलात एनिस गावच्या वाटांवर ब्लूबॉनेट फुलतात, तेथे जावे. फोर्टवर्थच्या अमोन कार्टर संग्रहालयात, जेथे लॉरा गिल्पिन आणि एलियट पोर्टर यांच्यासारख्या छायाचित्रकारांचा ठेवा जतन केला आहे आणि प्रवेशाला मूल्य नाही, मुलांना एखादा रविवार न्यावे. ज्यांनी थोर चित्रे पाहिली आहेत ती मुले वडिलांच्या किंवा आईच्या थांबण्याला कंटाळत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण ते थांबणे कशासाठी आहे हे त्यांना कळते, आणि पुष्कळदा ती स्वतःच कॅमेरा मागू लागतात. तो त्यांच्या हाती द्यावा.

तेव्हा ज्या घरात असा एक छांदिष्ट आहे त्या घराला माझी विनंती एवढीच की नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, नकाशा, पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक समोर ठेवावे, प्रत्येकाचे तास कागदावर लिहून काढावेत, आणि ज्याची हरकत असेल त्याने ती त्याच बैठकीत नोंदवावी.