रुंद नळी, आखूड विश्वास

१/ कडाव परिसरातील इतिहासप्रेमी मित्रांशी गप्पा रंगल्या की एक समज हमखास पुढे येतो : बंदुकीची नळी जितकी रुंद आणि काडतूस जितके मोठे, तितकी ती प्रभावी. आपल्या इतिहासात मात्र दोनदा नळी रुंद झाली, ती शस्त्र दुबळे करण्यासाठी. हा धागा त्याविषयी.

२/ १८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसांवरून पडली, ती १८५३ च्या एनफिल्ड रायफलीची होती. ही ठासणीची, एकबारी बंदूक. नळीचा व्यास .५७७ इंच आणि आत पीळ दिलेले तीन आटे. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून तिची दिशा ढळत नाही.

३/ उठावानंतर हिंदी शिपायांसाठी याच रायफलीचे नवे रूप आले. आटे खरवडून काढले, नळी सुमारे .६५६ इंचांपर्यंत रुंद केली. गोळी मोठी झाली, नेम मात्र हरवला. गोऱ्या सैनिकाला दूरचे लक्ष्य टिपता येई. शेजारच्या हिंदी शिपायाचा भरवसा शंभरएक यार्डांत संपे.

४/ तोफखानाही जवळजवळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती ठेवला गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे बंद केले. म्हणजे शिपायाचे शस्त्र दुबळे केले आणि रयतेचे काढून घेतले.

५/ विसाव्या शतकात तेच पुन्हा घडले. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलींचे पोलिसांसाठी .४१० मस्कटीत रूपांतर झाले. नळी रुंद आणि आट्यांविना. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणून दर बाराला नवे काडतूस हाताने भरायचे.

६/ काडतूसही वेगळे. .३०३ चे काडतूस पुढे बाटलीसारखे निमुळते होते; .४१० च्या काडतुसाला तशी मान नाही. त्यामुळे ते चोरीला गेले तरी लष्करी रायफलीत बसत नसे.

७/ यावर आक्षेप घेता येईल : गर्दीच्या ठिकाणी पोलिसांना कमी पल्ल्याचेच शस्त्र हवे, दूर जाणारी गोळी निरपराधाला लागते. हे मान्य. परंतु ठोकळा ठोकून दहा बारांची रायफल एकबारी करणे आणि काडतूस जाणूनबुजून निराळे ठेवणे, यांचे उत्तर केवळ लोकांच्या सुरक्षिततेत सापडत नाही. ज्याच्या हाती बंदूक दिली, त्याच्यावरचा अविश्वासही त्यात कोरलेला आहे.

८/ आता आपल्या मुलखाकडे वळू. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. शस्त्रांची मक्तेदारी सरकारकडे असताना या तरुणांनी सत्तेची नस नेमकी ओळखली : ती बंदुकीत नव्हती, विजेच्या तारांत होती.

९/ म्हणून माझे मत असे : संग्रहालयात बंदुकीपुढे उभे राहिल्यावर ‘ही किती मोठी?’ एवढेच विचारून पुढे जाऊ नका. ‘ही कोणाच्या हाती दिली आणि देताना तिच्यातून काय काढून घेतले?’ हे विचारा. कागदपत्रांत राज्यकर्ते निष्ठेची भाषा बोलतात. खरवडलेली नळी त्यांच्या मनातली भीती सांगते. बंदूक हाही दस्तऐवजच आहे. तो वाचायला शिकू या.