रेडिओचा खर्च कोणाच्या माथी?

अमेरिकी काँग्रेसने जुलै 2025 मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे सुमारे 1.1 अब्ज डॉलर काढून घेतले आणि 1967च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या प्रसारण महामंडळाला गाशा गुंडाळावा लागला. न्यूयॉर्क-बोस्टनची केंद्रे देणगीदारांच्या बळावर तगतील. अलास्कातील बेथेलसारख्या आडगावच्या केंद्राचा बहुतांश खर्च मात्र सरकारी पैशावरच चालत असे. अनुदान आटले की पहिला घाव अशा ठिकाणी बसतो.

आपल्याला हे नवे नाही. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत प्रसारण सुरू करणारी खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी 1930 मध्ये बुडाली आणि सरकारला रेडिओ पदरात घ्यावा लागला. जून 2023 मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा घाट घातला गेला. ओरड झाली म्हणून तो थांबला. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यात तर ओरड करायलाही स्वतःचे केंद्र नाही.

त्याची किंमत 3 जून 2020 रोजी कळली. ‘निसर्ग’ वादळात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि दक्षिण रायगडातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओच कामाला येतो. पण पेणच्या खारेपाटात उधाणाने कोणत्या बांधाला खांड पडली, कुंडलिकेचे पाणी रोह्यात कुठवर चढले, हे मुंबईचे केंद्र कसे सांगणार? हमरापूर-जिते भागातील गणपती कारखानदाराला मूर्ती सुकवायच्या असतात, त्यालाही आपल्या गावापुरताच अंदाज हवा असतो.

यावर उपाय म्हणजे गावापुरता कम्युनिटी रेडिओ. त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, आपत्ती, पाणीपुरवठा, वाहतूक यांची माहिती मात्र देता येते. शंभर वॅटचा हा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, म्हणजे पेण आणि रोह्याला दोन केंद्रे लागतील. केंद्र सरकार यंत्रसामग्रीला मदत करते. वीजबिल आणि निवेदकाचे मानधन ज्याचे त्याने पाहायचे. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ 2008 पासून माणदेशी फाउंडेशनच्या आधाराने उभे आहे, पुण्याची ‘विद्यावाणी’ विद्यापीठाच्या. पाठीशी संस्था असेल तर केंद्र टिकते, हा त्यातला धडा.

रोह्यात अशी संस्था आहे: किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्र. परवान्यासाठी कृषी विज्ञान केंद्रे पात्र आहेत. पेणमध्ये एखाद्या महाविद्यालयाने पुढे यावे. 2024 पासून तासाला बारा मिनिटे जाहिराती घेता येतात. त्या जाहिराती मूर्तिकारांनी आणि बाजारपेठेने द्याव्यात. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांनी सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांतून वाटा उचलावा. मात्र मानधनाचा किमान खर्च जिल्हा नियोजन समितीने द्यायलाच हवा. पुराची सूचना हे काही विकायचे सामान नव्हे. जाहिरातदार नसला म्हणून ती थांबवता येत नाही.

कोणा एकाच्या पैशावर निम्म्याहून अधिक भार पडू नये, म्हणजे एक हात आखडला तरी आवाज बंद पडणार नाही. किल्ल्याच्या केंद्राने परवान्याचा अर्ज करावा आणि पालकमंत्र्यांनी येत्या जिल्हा आराखड्यात त्यासाठी तरतूद करावी. पुढच्या वादळाची वाट पाहण्यात शहाणपण नाही.