पेटी भिंतीवर, माणूस कोठे?

तांदळाच्या गिरणीच्या कचेरीत मालकाच्या खुर्चीमागे, देवाच्या तसबिरीशेजारी, तांबड्या फुलीची एक पांढरी पेटी टांगलेली पुष्कळ ठिकाणी आढळते. तिची किल्ली बहुधा दिवाणजीकडे असते आणि दिवाणजी रात्रपाळीला नसतात. पेटीत मुदत उलटलेले मलम, एक पट्टी आणि थोडा कापूस एवढा ऐवज सापडला तरी तपासणीच्या दिवशी काम भागते. कामगाराचे त्यावर भागत नाही, एवढेच.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानावर जगतो. धानाची भरडाई हा येथील मुख्य उद्योग, आणि तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही. फिरता पट्टा आणि पुली यांच्यामध्ये हात सापडणे, एलेव्हेटरच्या खड्ड्यात पाय जाणे, पोत्यांची थप्पी अंगावर कोसळणे, उकडा तांदूळ करणाऱ्या गिरणीत बॉयलरच्या वाफेने किंवा हौदातील कढत पाण्याने होरपळणे, कोंड्याच्या धुळीने माखलेल्या वायरीचा धक्का बसणे, हे सारे या धंद्याचे नित्याचे धोके आहेत. यांपैकी कोणत्याही प्रसंगी पहिली चारपाच मिनिटे डॉक्टरची नसतात. ती शेजारी उभ्या असलेल्या हमालाची किंवा फिटरची असतात.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी सक्तीची केली होती. ती पेटी राज्य शासनाने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असणाऱ्या स्वतंत्र जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी आणि ती व्यक्ती कामाच्या वेळात सदैव हजर असावी, असेही त्या कलमात स्पष्ट म्हटले होते. कलमाचा प्राण या दुसऱ्या अटीत होता. अंमलबजावणीत मात्र पेटी उरली आणि माणूस गळाला. पेटी मोजता येते. माणसाला काय येते हे पाहण्यास परीक्षा घ्यावी लागते, आणि तेवढी सवड कोणाला?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. कामाच्या सर्व वेळात सहज हाती लागतील अशा पेट्या तिनेही सांगितल्या आहेत. तपशील नियमांवर सोपवला आहे. परंतु कारखाना कशाला म्हणावे याची व्याख्या तिने बदलली. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १९४८ च्या अधिनियमात दहा कामगारांची मर्यादा होती, ती आता वीस झाली. विजेविना चालणाऱ्यासाठी विसाची चाळीस. लहान उद्योगांवरील कागदी ओझे हलके करण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण बारा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या गिरणीतील पट्टा वीस माणसांच्या गिरणीतील पट्ट्याहून सावकाश फिरत नाही. अशा गिरण्यांत प्रथमोपचार नुसत्या कायद्याच्या धाकाने येणार नाही; तो यायचा असेल तर गरज पटूनच येईल.

याच गोंदियात, गिरण्यांच्या हाकेच्या अंतरावर, निराळी शिस्तही नांदते. हावडा-मुंबई मार्गावरील या जंक्शनातून सुटणाऱ्या गाडीच्या गार्डाजवळ (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) प्रथमोपचाराची पेटी असते आणि ती वापरण्याचे शिक्षण हा त्याच्या नोकरीचा भाग समजला जातो. रेल्वेला हे आज सुचलेले नाही. १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिच्या वर्गांना येऊ लागलेल्यांत खाणकामगार आणि रेल्वेचे नोकर पुष्कळ होते. प्रथमोपचाराची विद्या वाढली ती श्रमिकांच्या हातांत. तिला शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासाचे रूप पुढे आले.

ही विद्या अवघडही नाही. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरणे आणि मिनिटामिनिटाला उचलून न पाहणे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे थंड पाण्याची धार सोडणे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करणे. माणूस बेशुद्ध असून श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहणे. एवढे एका दिवसात शिकता येते, मात्र ते हाताने शिकावे लागते. छाती किती जोराने दाबायची हे फळ्यावरील चित्र पाहून कळत नाही. पुतळ्यावर घाम गाळल्याखेरीज तो अंदाज येत नाही. आज भाजल्यावर दंतमंजन, हळद किंवा शाई फासली जाते, विजेला चिकटलेल्यास ओढायला दुसरा धावतो आणि तोही चिकटतो. हा मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मदत करण्याची इच्छा तेथे पुरेपूर असते. तिला रीत कोणी शिकवलेली नसते.

गिरणीच्या फाटकाबाहेर तर कायद्याची पेटीही नाही. जिल्ह्यातील सर्वांत मोठी कामाची जागा म्हणजे धानाची बांधी. रोवणीला चिखलात वाकलेली बाई आणि कापणीला पेंढ्या उचलणारा मजूर यांच्या कामातील ठळक धोका सर्पदंशाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले. गावात मात्र तो अजून नशिबाचा भाग मानला जातो. मग दोरी करकचून आवळणे, पात्याने चिरणे, रक्त चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे असा क्रम चालतो. यातील प्रत्येक गोष्ट अपाय करणारी आहे. रोग्याला धीर देणे, दंश झालेला हातपाय खपची बांधून स्थिर ठेवणे आणि त्याला चालू न देता प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे, एवढेच बरोबर. मण्याराचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून थांबणे जिवावर बेतते.

शासनाने याकडे अगदीच पाठ फिरवली आहे असे नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात; तेही खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरते. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी भूमिहीन बाई त्यात बसत नाही. मरणानंतरचे अनुदान आखलेले आहे. मरण टाळणाऱ्या पहिल्या अर्ध्या तासाची तरतूद तेवढी राहिली.

तो अर्धा तास या जिल्ह्यात अधिक मोलाचा आहे. २०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे; पण देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीतून जिल्ह्याच्या गावी येण्यात तासभर सहज जातो. मेच्या उन्हात तेंदूपत्ता तोडताना उष्माघाताने पडलेल्याला सावलीत नेऊन, अंग भिजवून वारा घालणे हे काम रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू शकत नाही.

गिरणीमालक यावर सांगतात की मजूर हंगामी; आज शिकवला तो उद्या दुसरीकडे जाणार. तक्रार खरी आहे, पण तो ज्या दुसऱ्या गिरणीत जाईल तेथेही पट्टा आहेच. शिकवलेला मजूर जिल्ह्याबाहेर जात नाही तोवर शिक्षण वाया गेले असे कसे म्हणावे? शिवाय शिकवायचे ते सर्वांत आधी फिटरला, बॉयलरवाल्याला आणि हमालांच्या मुकादमाला. प्रमाणपत्र कचेरीतील कारकुनाच्या नावे काढून फायलीत लावण्याची सोयीस्कर प्रथा आधी मोडावी लागेल. शेताच्या बाबतीत हेच काम रोजगार सेवक आणि तेंदूपत्ता फळीवरचा मुनशी यांच्याकडे देता येईल, कारण मजुरांची हजेरी त्यांच्याजवळ असते.

दुसरी अडचण भीतीची आहे. हात लावला आणि माणूस दगावला तर पोलिसांचे झंझट मागे लागेल, या धास्तीने चार पावले मागे सरणारे सर्वत्र आहेत. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयाने आणि नंतर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. गिरणीत किंवा बांधीत मदत करणाऱ्यासाठी इतके स्पष्ट शब्द नाहीत. सद्भावनेने केलेल्या कृत्याला दंडविधानात पूर्वीपासून आश्रय आहे खरा, पण तो हमालाला कोणी वाचून दाखवत नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात पट्टी बांधण्याइतकाच वेळ या भीतीला द्यावा लागेल, आणि तोही पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली जेथे जी चालते तिच्यात.

खरीप धानाची भरडाई आटोपून रोवणी सुरू होईपर्यंत मजुरांच्या हाताला काम कमी असते. वर्ग घ्यायचे तर ते या दिवसांत. पावसाळा उतरल्यावर गिरण्यांचे पट्टे पुन्हा फिरू लागले की दुपारची सुटीही मिळत नाही.