नवा माइक नको, आधी रूटिंग शिका!

ठाणे काय, डोंबिवली काय, हल्ली घरोघरी बेडरूममध्ये रेकॉर्डिंग चालतं. आणि गाणं घुमायला लागलं, शब्द कळेनासे झाले की उपाय ठरलेला: नवा माइक, नवा इंटरफेस, तोही हप्त्यावर. मला हे अजिबात पटत नाही. बऱ्याच वेळा बिचाऱ्या माइकचा दोषच नसतो. सिग्नल कुठून कुठे जातोय हे कोणी बघतच नाही!

मुळात मिडी म्हणजे आवाज नव्हे. १९८३ पासून त्यातून फक्त आकडे जातात: कुठली पट्टी दाबली, कधी, किती जोरात (० ते १२७). इंडिकेटरवर 'कर्जत' लागलं म्हणजे गाडी आली का? तसंच. नोट्स दिसतात पण ऐकू काही येत नाही, कारण त्या कुठल्या वाद्याकडे पाठवलेल्याच नसतात. आणि लोक केबल बदलत बसतात.

दुसरं पाप म्हणजे दहा ट्रॅकवर दहा रिव्हर्ब. तेच फंक्शन कोणी दहादा कॉपी-पेस्ट केलं तर आपण त्याला रिव्ह्यूत सोलून काढतो. इथे मात्र सगळं माफ! अहो, कसारा आणि कर्जतच्या गाड्या कल्याणला एका मार्गाला लागतात ना? तसा प्रत्येक ट्रॅकचा थोडा थोडा सिग्नल सेंडने एका बसकडे (केडीएमटीच्या नव्हे) न्या आणि तिथे एकच रिव्हर्ब लावा. गायक आणि तबलजी एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतील, प्रोसेसरवरचा भारही उतरेल.

रूटिंग फुकट आहे. त्याला एक शनिवार द्या. तरीही शब्द कळले नाहीत, तर खुशाल माइक घ्या.